तळ्याचं पाणी चढतंय, रस्ता पुन्हा बुडतोय: भराव वाढवूनही प्रश्न परत का येतो

समस्या अशी असते. तळ्याकाठचा रस्ता पाण्याखाली जायला लागला म्हणून भराव टाकून एक-दीड मीटर उचलला. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग पाणी पुन्हा रस्त्याच्या कडेला लागलं. पुन्हा निविदा, पुन्हा मुरूम. मधल्या काळात रस्त्याच्या आतल्या बाजूच्या कोरड्या शेतांत ओल दिसायला लागली आणि एखाद्या जुन्या मोरीच्या तोंडाशी गढूळ पाणी येऊ लागलं. हे तिसऱ्यांदा होत असेल तर ठेकेदाराला धारेवर धरण्याआधी थांबा. बहुतेक वेळा रस्त्याचं केव्हाच धरण झालेलं असतं आणि ते कागदावर कुणी मान्य केलेलं नसतं.

यावर बरंच काम झालेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं डेव्हिल्स लेक. खोरं जवळपास बंद आहे, पाऊस आणि वितळलेला बर्फ येतो आणि बाष्पीभवनाशिवाय सहसा कुठे जात नाही. १९४० मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १४०१ फूट होती, १९९३ च्या सुरुवातीला साधारण १४२३ आणि जून २०११ मध्ये १४५४.३. म्हणजे अठरा वर्षांत जवळपास साडेनऊ मीटर. आजूबाजूचा मुलूख सपाट, त्यामुळे तळ्याचा पसारा चौपटीच्या वर गेला, २ लाख एकरांच्या पुढे. महामार्ग, रेल्वेमार्ग, शेतं, गावं, सगळ्यांचीच पाळी आली. खालची बरीच उदाहरणं तिथली आहेत. आकडेमोड मात्र कुठल्याही तळ्याला लागू होते.

आधी हे बघा: तळं कुठून सांडतं?

बाकी सगळे निर्णय या एका पातळीवर उभे राहतात आणि नेमकी तीच कुणी मोजलेली नसते. सांडवा असलेला तलाव चढतो तो तासांच्या हिशोबाने. नागपूरचा अंबाझरी २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तिथे मुद्दा सांडव्याची रुंदी, त्याच्या तोंडावरचे अडथळे आणि इशाऱ्याची वेळ हा होता. बंद खोऱ्यातलं तळं वर्षांच्या हिशोबाने चढतं आणि चढलेलं पाणी तसंच राहतं. लोणार हे आपल्याकडचं बंद खोरं. तिथे पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत चढलं तर ते वाहून जायला बाजूला वाट नाही.

पण बहुतेक बंद तळ्यांनाही कुठेतरी एक खिंड असते. डेव्हिल्स लेक साधारण १४४७ फुटांवर शेजारच्या स्टंप लेकमध्ये सांडतं आणि दोन्ही मिळून १४५८ फुटांवर टोल्ना कूली या घळीतून शायेन नदीत. म्हणजे १४५८ ही छताची पातळी झाली. मागच्या वर्षीच्या कमाल पातळीवर अर्धा मीटर चढवून केलेलं संकल्पचित्र पुढच्या ओल्या वर्षात फसतं. छतापासून उलटं मोजलेलं फसत नाही. डेव्हिल्स लेक शहराभोवतीचा बंधारा टप्प्याटप्प्याने उचलत शेवटी १४६६ फुटांवर नेला. छताच्या वर आठ फूट, लाटांसाठी आणि वाऱ्याने एका काठाला चढणाऱ्या पाण्यासाठी. तोच पहिल्या टप्प्यात इतका उंच बांधला असता तर, हा प्रश्न सोपा नाही: तेव्हा पातळी इतकी चढेल असं म्हणणाऱ्याला निधी मिळाला नसता.

रस्ता आहे की धरण, हे आधी ठरवा

लेव्हल मशीन लावा. तळ्याकडची पाण्याची पातळी घ्या, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या डबक्याची किंवा जमिनीची घ्या. दोन्ही बाजूंचं पाणी एकाच पातळीवर असेल तर तो पाण्यातला रस्ता. फरक असेल आणि तो आठवडाभर टिकत असेल, तर ते धरण. वर डांबर आहे म्हणून आत गाभा, खाली कटऑफ (जमिनीखालून जाणारं पाणी अडवणारी आडभिंत) आणि पायथ्याला फिल्टर (पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा वाळूचा थर) असा काही प्रकार तयार होत नाही.

साध्या रस्त्याच्या भरावात धरणासाठी काय नसतं ते इथेच बघून घेऊ, कारण सगळी लक्षणं त्यातूनच येतात. आपल्याकडे रस्ता मुरमाचा. मुरूम पाणी पाझरू देतो. मातीच्या धरणात तो बाहेरच्या आवरणाला वापरतात आणि आत काळ्या किंवा चिकण मातीचा गाभा घेतात. नुसती काळी माती टाकली तर पाझर कमी होतो, पण उन्हाळ्यात तिला तडे जातात आणि पाणी झपाट्याने उतरलं की ओला उतार घसरून बसतो. शिवाय रस्ता टाकताना जमिनीवरची मऊ माती खोलवर काढलेली नसते, जुने नाले तसेच भरलेले असतात, मोऱ्यांच्या पाइपाभोवती रोलर पोचलेला नसतो. वाहनांचं वजन पेलायला हे चालून जातं. एका बाजूने सतत दाबणाऱ्या पाण्याला ते पुरत नाही.

डेव्हिल्स लेकच्या दक्षिणेला स्पिरिट लेक या आदिवासी राखीव क्षेत्रात नेमकं हेच झालं. रस्ते उचलत गेले, आतल्या बाजूला घरं आणि जमिनी कोरड्या राहिल्या आणि रस्ते धरणाचं काम करू लागले. आपत्ती निधी रस्त्यासाठी होता, धरणासाठी नाही. शेवटी २००५ च्या महामार्ग कायद्यात अशा रस्त्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. तांत्रिक उपाय दोनच निघाले: काही ठिकाणी दोन्हीकडचं पाणी समान होऊ द्यायचं आणि काही ठिकाणी खरंखुरं धरण बांधायचं. आपल्याकडेही याच्या अधेमधे काही नाही. 'सध्या थोडा उचलू, मग बघू' हा तिसरा पर्याय वाटतो, पण त्यात पाण्याचा दाब वाढतो आणि भराव आतून तसाच राहतो.

पर्याय पहिला: दोन्हीकडचं पाणी समान करा

आतल्या बाजूला वस्ती नसेल, शेतीचा मोबदला देणं शक्य असेल, तर हाच स्वस्त आणि निर्धोक मार्ग. भरावावर दाब राहत नाही. पाणी रस्त्यावरून गेलं तरी दोन्ही बाजूंना पाणी असल्याने कोरड्या उताराची माती कापली जात नाही.

मोरी किती मोठी लागते? समजा आतल्या बाजूचा खोलगट भाग ३० हेक्टर आहे आणि तळं दिवसाला २ सेंटीमीटर चढतंय. आत जायला हवं असलेलं पाणी दिवसाला ६००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लिटर. ९०० मिलिमीटरच्या एका ह्यूम पाइपातून एवढं पाणी सेकंदाला अकरा सेंटीमीटर इतक्या सावकाश वेगाने जातं. म्हणजे चढत्या तळ्याच्या हिशोबाने एकच पाइप भरपूर. तरी दोन टाका: एक पाइप बेशरमाच्या झुडपांनी आणि जलपर्णीने तुंबतोच. आणि आतल्या बाजूचं स्वतःचं पाणलोट क्षेत्र मोठं असेल तर पावसाचा हिशोब वेगळा करा, तो बहुधा याच्या कितीतरी पट निघतो.

पाइप सर्वात खोलगट जागी, जमिनीच्या पातळीला टाका. अर्ध्या उंचीवर टाकला तर तिथवर पाणी येईपर्यंत रस्ता धरणच राहतो, आणि मग एकदम धबधबा सुरू होतो. दोन्ही तोंडांशी दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचा थर, हवा. आधीच मीटरभर फरक पडला असेल तर मोरी एकदम उघडू नका. पाणी पाइपातून जोरात सुटून आतल्या तोंडाचा भराव खणून काढतं. तोंडावर फळ्या लावून थोडं थोडं सोडा आणि फरक १०-१५ सेंटीमीटरवर आला की मोकळं करा.

रस्त्याची उंची ठरवताना सबग्रेडचा (खडी-डांबराखालच्या दाबलेल्या मातीच्या थराचा) तळ कमाल पाणीपातळीच्या ०.६ ते १ मीटर वर ठेवा. आयआरसी:३४ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता) पाणथळ आणि पूरग्रस्त भागातल्या रस्त्यांच्या शिफारशी आहेत. काठावर उघड्या पाण्याचा लांब पट्टा असेल तर लाटांचा भाग वेगळा मिळवा, तो खाली येतो.

पर्याय दुसरा: धरण बांधा, पण पूर्ण

आत गाव असेल तर पर्याय नाही. इथे अंदाजपत्रक नेहमी कमी का पडतं ते आधी बघा.

माथा १० मीटर रुंद, उंची २ मीटर, दोन्ही उतार १:३, म्हणजे मीटरभर उंचीला तीन मीटर आडवे. तळाची रुंदी २२ मीटर, छेदाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. हाच रस्ता फक्त दीड मीटर उचलायचा. उंची साडेतीन, तळ ३१ मीटर, छेद जवळपास ७२ चौरस मीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे ४० हजार घनमीटर नवी माती, मूळ रस्त्याला लागली त्याहून जास्त. सैल माती २५ टक्के फुगलेली धरली आणि हायवा (मोठा डंपर) १० घनमीटरचा धरला, तर किलोमीटरला ५००० खेपा. आणि पाण्याकडच्या बाजूला तळ साडेचार मीटर पुढे सरकतो, तो थेट पाण्यात. पाण्यात ओतलेल्या मातीवर रोलर चालत नाही. यातून वाचण्यासाठी जागा मिळत असेल तर सगळी वाढ कोरड्या बाजूला घ्या आणि पाण्याकडचा उतार आहे त्याच रेषेत वर न्या. माथा थोडा आत सरकेल, रस्त्याचं अलाइनमेंट बदलेल, ते परवडतं.

जुन्या उतारावरची झाडंझुडपं मुळांसकट काढा, उताराला पायऱ्या कापा आणि नवा भराव २०-२५ सेंटीमीटरच्या सैल थरांत योग्य ओलाव्यावर रोल करा. सरळ उतारावर नवी माती ओतली की जुन्या-नव्याच्या सांध्यातूनच पाणी वाट काढतं. जुनं डांबर तोडून बाहेर काढा. आत गाडलेला डांबराचा थर पाझराला आयतं छप्पर देतो, त्याच्याखालून पाणी बिनबोभाट धावतं.

जुन्या मोऱ्या हा सर्वात धोकादायक भाग. नुसती तोंडं विटांनी बंद करणं म्हणजे भरावाच्या पोटात पोकळ नळी ठेवणं. शक्य तर पाइप खणून काढा आणि ती जागा थर देऊन भरा. नाहीतर पूर्ण लांबीत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरा आणि कोरड्या बाजूच्या शेवटच्या भागात पाइपाभोवती चहूबाजूंनी वाळूचा फिल्टर घाला. पाइपाला काँक्रीटच्या कॉलर घालण्याची जुनी पद्धत आता मागे पडली, कारण कॉलरच्या आजूबाजूला नीट दाबाई होत नाही आणि पाणी तिथूनच फिरून जातं.

फिल्टरच्या वाळूचं माप डोळ्यांनी ठरवू नका. चाळणी चाचणी करा. फिल्टरमधले १५ टक्के कण ज्या आकाराहून बारीक आहेत तो आकार, भरावाच्या मातीतले ८५ टक्के कण ज्याहून बारीक आहेत त्या आकाराच्या पाचपटीपेक्षा कमी हवा. वाळू जाड झाली तर भरावाची माती तिच्यातून निसटते आणि फार बारीक झाली तर पाणीच अडतं. निचऱ्याची तपशीलवार रचना आयएस ९४२९ या भारतीय मानकात, पाण्याकडच्या उताराचं संरक्षण आयएस ८२३७ मध्ये.

लाटा

पाणी माथ्याच्या मीटरभर खाली आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी हा भाग. पाच किलोमीटर उघड्या पाण्यावरून ताशी ६० किलोमीटरचा वारा काही तास राहिला तर पाऊण ते एक मीटर उंचीच्या लाटा येतात. उतारावर चढताना त्या आणखी वर जातात. अशा ठिकाणी दीड मीटरहून कमी फ्रीबोर्ड (पाण्यापासून माथ्यापर्यंतची मोकळी उंची) ठेवू नका.

०.९ मीटरच्या लाटेला १:३ उतारावर साधारण ६०-७० किलोचा दगड लागतो, म्हणजे फूटभर आकाराचा. तो दोन दगड जाडीचा, ६० सेंटीमीटरचा थर, आणि त्याखाली २० सेंटीमीटर खडी-वाळूचं बेडिंग. बेडिंग गाळून पैसे वाचवलेले दिसले की समजा, पहिल्याच वादळात लाट मागे जाताना दगडांच्या फटींतून माती ओढून नेईल. पिचिंग वरून शाबूत दिसतं आणि मध्येच खळगा पडतो. चालून बघताना दगडाखाली गज घाला. गज सहज आत गेला तर माती गेलेली आहे.

चढत्या तळ्यात लाटांचा मारा दर वर्षी वरच्या पट्ट्यात सरकतो, म्हणून पिचिंग पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग करा. डेव्हिल्स लेक हिवाळ्यात गोठतं, तिथे बर्फाचे तुकडे दगड ढकलतात. आपल्याला तेवढी एक काळजी कमी.

कोरड्या बाजूला पाणी दिसलं तर

आधी काचेच्या ग्लासात घ्या आणि अर्धा तास ठेवा. स्वच्छ राहिलं तर पाझर आहे, खुंटी ठोकून रोज प्रवाह मोजत राहा. तळाला माती बसली तर भराव आतून वाहून जातोय आणि हे काम आजचं आहे.

१. त्या जागी वाहनं थांबवा. रस्त्यावर तडा किंवा खड्डा आहे का बघा. असला तर आतल्या वस्तीला हलवायला सुरुवात करा, मग बाकीचं.

२. झरा बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. वर चिकणमाती थापली तर पाणी दोन हात पलीकडे फुटतं, तेही जास्त जोराने.

३. झऱ्यावर १५ सेंटीमीटर जाड वाळू, त्यावर तेवढीच १०-२० मिलिमीटर खडी, त्यावर ३० सेंटीमीटर दगड. प्रत्येक थर ओल्या जागेच्या मीटरभर बाहेरपर्यंत.

४. जोर एवढा असेल की वाळू टिकत नाही, तर भोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचा. आत पाणी चढू द्या. चढलेलं पाणी स्वतःच्या वजनाने झऱ्याला दाबतं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ झालं की तिथेच थांबा आणि कड्याला सांडायला पन्हळ ठेवा.

पोती तोंडापर्यंत भरू नका. निम्मी भरलेली पोती एकमेकांत बसतात, गच्च भरलेली गोट्यांसारखी राहतात.

गाव वाचलं, पण आतूनच बुडलं

बंधारा पूर्ण झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात येणारी तक्रार ही. गावाचं पाणी पूर्वी ज्या नाल्याने तळ्यात जायचं तो आता बंद आहे. ४० हेक्टर गाव, ५० मिलिमीटर पाऊस, त्यातला ६० टक्के वाहून येणारा: १२ हजार घनमीटर. चोवीस तासांत उपसायचं तर तासाला ५०० घनमीटर, सेकंदाला १४० लिटर. हा पंप एक नको, निम्म्या क्षमतेचे तीन घ्या आणि किमान दोन डिझेलवर चालतील असं बघा. वीज नेमकी त्याच रात्री जाते. पंपाआधी साठवणीचं तळं ठेवलं तर पंप लहान चालतात.

गटाराचा प्रत्येक नळ जो बंधाऱ्याखालून बाहेर जातो त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप) आणि त्याशिवाय हाताने बंद होणारं गेट, दोन्ही हवं. व्हॉल्व्हच्या झडपेत प्लास्टिक अडकतंच. भूजल चढलेल्या भागात सेप्टिक टाकी पूर्ण उपसू नका, रिकामी टाकी खालच्या पाण्याने वर उचलली जाते आणि नळ तुटतात. विहिरी आणि बोअरचं पाणी तपासून मगच वापरा.

पंप लावून तळंच उतरवू, असं कुणी म्हटलं तर

गणित समोर ठेवा. डेव्हिल्स लेकला दोन निकास आहेत, पश्चिमेचा सेकंदाला २५० घनफूट, पूर्वेचा ३५०. मिळून सुमारे १७ घनमीटर. ८०० चौरस किलोमीटरच्या तळ्यातून ते दिवसाला जेमतेम १.८ मिलिमीटर उतरवतात. सहा महिने अखंड चालले तरी फूटभर. प्रत्यक्षात तेवढंही नाही, कारण बंद तळ्याच्या पाण्यात क्षार साठलेले असतात आणि खालच्या शायेन नदीत सल्फेटची मर्यादा पाळावी लागते. पुढे ते पाणी रेड नदीतून कॅनडात जातं, तिकडून विरोध झाला तो निराळा. निकास वाढ थोपवायला उपयोगी पडतो. रस्ता वाचवायला त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

सांडण्याच्या घळीकडेही लक्ष द्या. माती मऊ असेल तर सांडणारं पाणी घळ कापत नेतं आणि वर्षानुवर्षं साठलेलं पाणी थोड्या दिवसांत खालच्या गावांवर उतरतं. टोल्ना कूलीत म्हणूनच २०१२ मध्ये नियंत्रण बांधकाम केलं.

कधी उचलायचं, कधी सोडायचं

तळ्यात पातळी मोजायची पट्टी लावा आणि दर आठवड्याला पातळी लिहा. निविदेपासून भराव पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे खरोखर किती महिने लागतात ते काढा, कागदावरचे नव्हे. सर्वात वाईट वर्षाच्या वेगाने तेवढ्या काळात तळं किती चढेल ते मोजा. ती उंची आणि फ्रीबोर्ड रस्त्याच्या माथ्यातून वजा करा. उरली ती पातळी गाठताच काम सुरू झालेलं हवं. पाणी कडेला लागल्यावर सुरू केलेलं काम नेहमी पाण्यात ओतलेल्या मातीवर संपतं.

सगळंच वाचवू नका. चर्चेस फेरी हे छोटं गाव २००० च्या सुमारास शासनाने घरं विकत घेऊन बहुतांशी रिकामं केलं. मिनीवॉकन गाव एकेकाळी काठापासून सुमारे १३ किलोमीटर दूर होतं, पाणी तिथवर आलं आणि शाळेसकट बरंच काही उंचावर हलवावं लागलं. एका वाडीला दोन रस्ते असतील तर जास्त उंचीचा एकच निवडा आणि दुसऱ्याचा भराव दोन-तीन ठिकाणी मुद्दाम कापून टाका, म्हणजे तो धरण होत नाही. कापलेल्या जागी दोन्हीकडे बांध घालून रस्ता बंद करा. पाण्याखालचा रस्ता दिसत नाही आणि गावकऱ्यांना तो पाठ असतो.

पाणी उतरायला लागलं की

इथे गाफीलपणा होतो. २०११ नंतर डेव्हिल्स लेक काही फूट उतरलं. अशा वेळी पाण्याकडचा भिजलेला उतार आधारच गेल्याने घसरू शकतो. माथ्यावर रस्त्याला समांतर तडे दिसले तर जड वाहनं थांबवा. शिवाय आतल्या बाजूला समान केलेलं पाणी मोरी तुंबल्याने तिथेच अडकलं, तर आता दाब उलट्या दिशेने लागतो, आणि त्या बाजूला पिचिंग नसतं, फिल्टरही नसतो. मोऱ्या आधी साफ करा आणि दोन्हीकडच्या पट्ट्या रोज वाचा.